मी स्टँडवरच्या स्कूटरवरून कसा पडलो

शपथ घेताना माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर असावेत. माझे नव्हते. माझे दोन्ही पाय जमिनीपासून पंधरा-सोळा फूट वर, कँटीनमागच्या जांभळाच्या एका फांदीवर होते, आणि खाली आमची निम्मी पाळी टाळ्या पिटत होती.

चाकणला आमची कंपनी गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवते. मी तपासणी विभागात आहे. कुठलं वेल्ड कच्चं, कुठली फट जास्त हे बघायचं, माल नापास करायचा आणि लोकांच्या शिव्या खायच्या, असं बावीस वर्षं चाललं आहे. कंपनी उभी राहायच्या आधी तिथे शेत होतं. त्या शेतातलं एकच झाड मालकांनी ठेवलं, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून उभं असलेलं हे जांभूळ. ते तोडायचा ठराव दर वर्षी होतो आणि दर वर्षी जूनमध्ये जांभळं पिकली की तोच ठराव करणारे साहेब पिशवी घेऊन झाडाखाली येतात.

त्या मंगळवारी आमच्या गेटवरचा फलक ९९८ दाखवत होता. ‘अपघाताविना दिवस’ असं वर लिहिलेलं आणि खाली लाल दिव्यांचे आकडे. गुरुवारी हजार होणार होते. हजाराला प्रत्येकाला पाच लिटरचा कुकर, श्रीखंड-पुरीचं जेवण आणि मांडव घालून समारंभ. मोठे साहेब परदेशातून यायचे होते. वेल्डिंग खात्यातला एक वेल्डर, माझा जुना दोस्त, त्याला ‘सुरक्षा मित्र’ म्हणून निवडलं होतं. तो मावळातल्या गावचा. गुरुवारी त्याला स्टेजवर शाल-नारळ मिळणार म्हणून त्याने अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. त्याला हिरवं हेल्मेटही मिळालं होतं आणि ते तो जेवतानाही काढत नसे.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही झाडाखाली बसलो होतो. मी पिंपळे गुरवमधल्या माझ्या लहानपणाच्या बढाया मारत होतो. नदीकाठची कुठली कुठली झाडं, मी कसा माकडासारखा सरसर चढायचो वगैरे. त्यातलं निम्मं खरं होतं.

दोस्त म्हणाला, “आरं, तुझं वय काय, तुझं प्वाट काय! तुला आता कंपनीच्या बसमंदी चढताना धाप लागती.”

“चढलो तर?”

“चढलास तर माझ्या डब्यातली मटणाची वाटी तुझी.”

मी सेफ्टी शूज काढले, मोजे त्यात नीट कोंबले आणि चढलो. खरंच चढलो. सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस, पण हात-पाय विसरले नव्हते. जांभळाची फांदी दिसायला मांडीएवढी असली तरी आतून ठिसूळ असते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. खालून दोनतीन जण तेच ओरडत होते. पण वर पोचल्यावर मला खाली पन्नास चेहरे दिसले, सगळे माझ्याकडे वळलेले. अशा वेळी मला गप्प बसवत नाही.

आमच्याकडे रोज पाळी सुरू होण्याआधी रांगेत उभं राहून, उजवा हात पुढे करून सुरक्षेची शपथ घ्यायची असते. ती सांगतात आमचे सुरक्षा अधिकारी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि नाकात बोलणारे. मी त्यांचा आवाज काढला. “उजवा हात पुढे!” खाली पन्नास हात पुढे झाले. माझाही झाला. म्हणजे ज्या हाताने वरची फांदी धरली होती, तो मी सोडला.

“मी शपथ घेतो की,” मी नाकातून म्हणालो.

“मी शपथ घेतो की,” पन्नास जण म्हणाले.

“काम करताना मी कोणताही धोका...”

पुढचा शब्द मी खाली आल्यावर उच्चारला, पण तो छापण्यासारखा नाही.

मी उभाच्या उभा आलो. आधी टाचांवर, त्यातही डाव्या, आणि मग धपकन बसलो. फांदी मोडून भिंतीवर अडकली आणि तिचा शेंडा पलीकडे रस्त्यावर लोंबत राहिला. मग हशा उसळला. मीही हसायला तोंड उघडलं, पण आत श्वासच नव्हता.

आपल्याकडे पडलेल्या माणसाला पहिली शिक्षा असते उभं राहण्याची. दोघांनी मला काखेत हात घालून उचललं. “ऊठ, ऊठ. दोन पावलं टाक. टाकून दाखव.” मी टाकलं एक. डाव्या टाचेतून अशी कळ आली की डोळ्यांसमोर जांभळंच जांभळं. कंबरेतही एक कळ आली होती, पण टाच इतकी बोंबलत होती की कंबरेचं ऐकायला कुणाला सवड नव्हती, मलाही नाही.

तेवढ्यात सुरक्षा अधिकारी आले. पांढरंशुभ्र हेल्मेट. त्यांनी आधी गेटच्या दिशेने पाहिलं, मग झाडाकडे, मग माझ्याकडे.

“आत पडले की बाहेर?”

पन्नास जण आपापल्या डब्यांची झाकणं लावू लागले.

“फांदी तर बाहेर आहे,” ते म्हणाले.

“साहेब, पण मी आत आहे,” मी म्हणालो.

“तुम्ही सध्या आत आहात,” ते म्हणाले.

आता हे वाक्य मी आजवर शंभर जणांना ऐकवलं असेल, आणि प्रत्येक वेळी मला त्याचं कौतुक वाटतं. काय माणूस! पन्नास लोकांना एका शब्दात काम समजलं. प्रथमोपचाराच्या खोलीत पिवळं स्ट्रेचर आहे, पण ते बाहेर काढायचं तर रजिस्टरमध्ये सही लागते. सही म्हणजे नोंद आणि नोंद म्हणजे अपघात. म्हणून चौघांनी मला हात-पाय धरून उचललं, लग्नाच्या मांडवातली सतरंजी उचलतात तसं, आणि माझी कंबर मधोमध लोंबत राहिली. प्रत्येक पावलाला ती जमिनीकडे ओढली जात होती. मी ओरडलो तर दोस्त म्हणाला, “थोडं राह्यलं, भावा, आवाज करू नगं, वर साहेबांच्या केबिनच्या खिडक्या उघड्या हायेत.”

नेलं कुठे, तर गेटजवळच्या हजेरीच्या मशीनपाशी. माझा अंगठा लावून मला ‘बाहेर’ दाखवायचं होतं. एकदा मशीनने बाहेर म्हटलं की मग मी कुठेही पडायला मोकळा.

अंगठा जांभळाने माखलेला होता. मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “कृपया पुन्हा प्रयत्न करा.” चौघांनी मला वर उचलून धरलं. पुन्हा. “कृपया पुन्हा प्रयत्न करा.” सुरक्षा अधिकाऱ्यांनी स्वतःचा रुमाल थुंकीने ओला करून माझा अंगठा पुसला.

कँटीनच्या दारात भांडी घासणाऱ्या मावशी उभ्या होत्या. हात पदराला पुसत त्या शांतपणे म्हणाल्या, “दाबून लावा. जरा वाकडा करून. तसा लागतो.”

त्यांना माहीत असणारच. आठ महिन्यांपूर्वी त्या ओल्या फरशीवर घसरल्या होत्या आणि त्यांचं मनगट मोडलं होतं. तेव्हा आधी बाहेर दाखवा, मग दवाखान्यात न्या, ही युक्ती कुणी काढली होती? मी. मोडलेल्या हाताचा अंगठा मशीनवर कुणी दाबला होता? मीच. वर विनोदही केला होता, काय केला ते आता सांगत नाही. सगळे हसले होते. मावशी हसल्या नव्हत्या. आज त्याही हसल्या, अगदी मनापासून, आणि मला त्यांचा राग काही आला नाही.

तिसऱ्या खेपेला मशीनमधली बाई म्हणाली, “धन्यवाद.” आणि मी कंपनीबाहेर पडलो.

हायवेवरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मला सुरक्षा अधिकाऱ्यांच्या गाडीतून नेलं. मागच्या सीटवर मला बसवलं होतं, कारण आडवं ठेवायला जागा नव्हती. वाटेत गोष्ट ठरली. मी स्कूटरवरून घसरलो. आता, मी कंपनीच्या बसने जातो-येतो. माझी स्कूटर निगडीला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. पण एवढ्या बारीक गोष्टीत कोण शिरतंय?

डॉक्टर बाई होत्या, तरुण, डोळ्यांखाली काळं आलेलं, आणि बडबड न आवडणाऱ्या. मी त्यांच्यासमोर स्कूटरचा अपघात असा उभा केला की तुम्ही असता तर रडला असता. एक कुत्रं आडवं आलं. मी त्याला वाचवलं. ट्रकचा हॉर्न वाजला. मी ब्रेक दाबला.

“रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांना कळवावं लागेल,” डॉक्टर म्हणाल्या.

सुरक्षा अधिकारी एका दमात म्हणाले, “नाही नाही, गाडी चालू नव्हती. स्टँडवर होती. स्टँड काढताना कलंडली ह्यांच्या पायावर.”

माझा ट्रक गेला, कुत्रं गेलं, शौर्य गेलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं नटाने ऐनवेळी संवाद कापणाऱ्या दिग्दर्शकाकडे बघावं.

एक्स-रे आला. डाव्या टाचेच्या हाडाचा भुगा झाला होता. डॉक्टरांनी तो दिव्यावर धरला, बराच वेळ बघितला आणि मग माझ्याकडे वळल्या. “स्कूटर पायावर पडून टाच अशी फुटत नाही. टाच अशी फुटते ती माणूस उंचावरून उभा पडतो तेव्हा. आणि तेव्हा आम्ही मणकाही बघतो, कारण टाचेबरोबर तो जाऊ शकतो. उंचावरून पडला नाहीत ना?”

सरळ विचारलं होतं. खोलीत आम्ही चौघे, त्या, मी, सुरक्षा अधिकारी आणि हिरवं हेल्मेट हातात धरून उभा असलेला माझा दोस्त. मला एवढंच म्हणायचं होतं, जांभळावरून. एक शब्द.

“छे हो, मॅडम,” मी म्हणालो. “गाडीच. शंभर किलोचं धूड आहे ते. स्टँडचा दांडा बरोबर टाचेवर.”

कुकरसाठी नाही म्हणालो. घरी तीन कुकर आहेत. तीनशे लोकांनी माझ्या रिटायरमेंटपर्यंत मला काय ऐकवलं असतं, त्याची भीती होती. आणि खरं सांगायचं तर, मला मजाही येत होती. नाटक सुरू होतं आणि मुख्य भूमिका माझी होती.

“कंबर दुखते का?”

“थोडी. मुका मार असेल.”

त्यांनी तसं लिहून घेतलं. पायाला प्लास्टर बांधलं, उशीवर ठेवलं, दुखण्याची इंजेक्शनं दिली. इंजेक्शनं उत्तम होती. बायकोला फोन केला. ती तळेगावला माहेरी गेली होती. पाय जरा मुरगळलाय, घाई करू नकोस, म्हणालो. सुरक्षा अधिकारी जाताना दोस्ताला माझ्या सेवेला ठेवून गेले. सेवा म्हणजे पहारा, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. संध्याकाळपर्यंत मला लघवी झाली नव्हती. भांडं दिलं, पडदा ओढला, नळ सोडून ठेवला, काही नाही. सिस्टर म्हणाल्या, गोळ्यांनी होतं असं, आणि नळी घालून पिशवी लावली. दोस्त पिशवीकडे बघून म्हणाला, “लई ऐश हाय बाबा तुझी, उठायची बी गरज न्हाई.” आम्ही दोघेही हसलो.

बुधवारी सकाळी त्याचा फोन हरवला. गुरुवारी गावाकडून किती माणसं येणार, हे त्याला विचारायचं होतं. पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं, उशा उलटल्या. शेवटी शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी त्यांच्या फोनवरून नंबर लावला. कुठूनतरी घुर्र घुर्र आवाज यायला लागला. दोस्त कान लावत लावत जवळ आला, माझ्यापाशी थांबला, आणि माझ्या बुडाखाली हात घालून त्याने फोन काढला. फोन अजून थरथरत होता.

वॉर्ड हसला. आजोबांना ठसका लागला. “आरं, अंड्यावर बसलाय का काय!” दोस्त म्हणाला. मीही हसलो. मग माझं हसू थांबलं. फोन रात्रभर माझ्याखाली होता, आत्ता माझ्या हाडावर थरथरत होता, आणि मला तो लागला नव्हता. मी चोरून स्वतःला चिमटा काढला. मांडीच्या आतल्या बाजूला, मग आणखी मागे. जणू दुसऱ्याच कुणाचं मांस.

“मला खालचं कळत नाहीये,” मी म्हणालो.

“खालचं कशाला कळाया पायजे? झोपून ऱ्हा.”

डॉक्टर फेरीला आल्या तशी मी म्हणालो, “मॅडम, मी खोटं बोललो. मी झाडावरून पडलो. जांभळावरून. पंधरा फूट.”

दोस्ताने माझ्या कपाळावर हात ठेवला. त्याचा चेहरा इतका काळजीने भरला की बावीस वर्षांत मला कळलंच नव्हतं, माझ्या जोडीला एवढा मोठा नट काम करत होता. “सकाळपासनं असंच चाललंय, मॅडम,” तो म्हणाला. “झाड काय, जांभळं काय. डोक्याला मार हाय का, बघा की जरा.”

आणि डॉक्टरांना बघावंच लागलं. पडलेला पेशंट एकाएकी जांभळाबद्दल बोलायला लागला तर दुसरं काय करणार? डोक्याचा स्कॅन. मशीन दुसऱ्या पेशंटमध्ये गुंतलेलं, म्हणून दीड तास जिन्यापाशी थांबणं, मग स्कॅन, मग रिपोर्टची वाट. अर्धा दिवस माझा मेंदू तपासण्यात गेला. त्यात काही सापडलं नाही.

जिन्यापाशी दोस्त वाकून माझ्या कानात म्हणाला, “उद्या दुपारपत्तुर, भावा. एकडाव शाल अंगावर पडू दे. मग तू कशाला, मीच सांगतो झाडाचं.”

“माझे पाय जातील.”

“न्हाई जात. एवढं काय न्हाई. आमच्या गावचा एक जण नारळावरनं पडला, आता सरपंच हाय.”

दुपारी बायको माहेराहून घरी जाऊन मग इकडे आली. हेल्मेट हातात, केस विस्कटलेले. डॉक्टर तिला समजावून सांगू लागल्या की स्कूटर पायावर पडल्याने टाच मोडली आहे, डोकं ठीक आहे, आणि मिस्टर जरा गोंधळल्यासारखे वाटतात.

“कुठली स्कूटर?” बायको म्हणाली.

“त्यांची.”

“आमची स्कूटर खाली उभी आहे. मी आत्ता निगडीहून तिच्यावरूनच आले. हे बसने जातात कंपनीत.” ती माझ्याकडे वळली. “अहो, कुणाच्या स्कूटरवरून पडलात तुम्ही?”

दोस्त खिडकीबाहेर बघू लागला. डॉक्टरांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. खिशातून पेन काढलं, त्याच्या टोकाने माझ्या पायांवर, मांड्यांवर, मागे, सगळीकडे टोचत गेल्या. “कळतंय? इथे? इथे?” मी प्रत्येक वेळी खरं उत्तर दिलं. त्या चिडल्या नाहीत, याची मला जास्त भीती वाटली.

एमआरआयमध्ये कंबरेचा वरचा एक मणका चुरलेला दिसला आणि त्याचा तुकडा मागे सरकून नसांवर बसला होता. त्यांनी चित्र दाखवलं. मी विचारलं, पडल्यावरच असं झालं असेल की नेताना, आणि काल सांगितलं असतं तर?

“पडलात तेव्हा मणका मोडला. उचलून, लोंबकळत नेलं, बसवून आणलं, त्यात तुकडा किती सरकला ते आता कुणी सांगू शकणार नाही. काल सांगितलं असतं तर काल ऑपरेशन झालं असतं. फरक पडला असता. किती, ते विचारू नका.”

गुरुवारी पहाटे मला आत घेतलं. सळ्या घातल्या, स्क्रू घातले. मी शुद्धीवर येत होतो तेव्हा चाकणला हजार झाले. तीनशे हात पुढे झाले, शपथ झाली, श्रीखंड झालं. फलक काही शून्यावर आला नाही. हॉस्पिटलच्या कागदावर मी झाडावरून पडलो, कंपनीच्या कागदावर सुट्टी टाकून बाहेर गेलो आणि स्कूटरवरून पडलो. दोन्ही कागदांवर सह्या आहेत.

संध्याकाळी दोस्त थेट मांडवातूनच आला. अंगावर शाल, कपाळाला कुंकू, काखेत माझ्या वाट्याचा कुकर. तो दारातच थबकला. बायकोने कुकर त्याच्या हातातून घेतला, झाकण लागतंय का बघितलं आणि खाली ठेवला.

“बसा ना,” ती म्हणाली. “नाहीतर बसू नका. ती पिशवी भरलीये. सिस्टर बोलवायला मी तीनदा गेले. सुरक्षा मित्राला एवढं येत असेल.”

त्याने शाल सावरली, वाकला, पिशवीची तोटी सोडली, भांड्यात लघवी काढली, भांडं उचलून संडासात नेऊन ओतलं, धुऊन परत आणलं. शालीची एक कड भिजली होती. मला इतकं हसू आलं की टाके ताणले गेले आणि सिस्टर धावत आल्या. त्यानंतर तो रोज येत राहिला, दीड महिना, आणि रोज ती पिशवी रिकामी करत राहिला. आमचं त्या झाडाबद्दल बोलणं कधीच झालं नाही.

नळी निघाली. लघवी आता होते, पण वेळ लावून, विचार करून. बुडाखालचं निम्मं परत आलं. उजवा पाय चांगला झाला. डाव्याची टाच जुळली, पण पाऊल वर उचलेना. निगडीत व्यायामाला जात होतो. रबरी पट्टा पायात अडकवून ओढायचं, टॉवेल बोटांनी गोळा करायचा. बोटं टॉवेलकडे बघत बसत.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी मला दारापासून टेबलापर्यंत चालायला सांगितलं. मी तयारी करून गेलो होतो. डावा गुडघा जरा जास्त उचलायचा, खांदे सैल सोडायचे, चेहऱ्यावर हसू, मग पाऊल घसटतंय ते बघणाऱ्याला कळत नाही. घरी मोठ्या आरशासमोर आठवडाभर बसवलं होतं ते. मी रुबाबात पाच पावलं टाकली.

“गुडघा उचलू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “नेहमीसारखं चाला.”

मी परत दारापाशी गेलो आणि नेहमीसारखा चाललो. तिसऱ्या पावलाला डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली. मला कळलं नाही. मी अनवाणी पायाने टेबलापर्यंत पोचलो आणि खुर्चीवर हात टेकून हसत उभा राहिलो. बायकोने जाऊन चप्पल उचलली आणि माझ्या पायासमोर ठेवली.

“मागे पट्टा असलेली घेत जा,” डॉक्टर म्हणाल्या.

“कधीपर्यंत?” मी विचारलं.

त्यांनी माझी फाइल बंद केली. “आता जे आहे ते हेच,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला बेल दाबली.